खूण नसलेली गाठ

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या ज्या कारखान्यात बाबा काम करत, तिथे रसायनांची पिंपं यायची आणि आत काय आहे ते त्यांवर लिहिलेलं नसायचं. ‘आम्ही काय हाताळतो ते आम्हाला कळलंच पाहिजे’ हे बाबांच्या युनियनच्या पत्रकातलं वाक्य मी शाळेतल्या धड्यांच्या आधी वाचलं. खोपटच्या चाळीतल्या आमच्या दोन खोल्यांत त्या पत्रकांच्या घड्या घालतच मी वाढले, पुढे ती वाटायलाही लागले.

नव्वदीचं दशक संपत आलं असताना त्याच बाबांनी आईपासून तिचा कॅन्सर लपवला. स्तनातली गाठ काढली तेव्हा तिला सांगितलं, साधी होती. मामा, आत्या, नर्सिंग होमचे डॉक्टर, सगळ्यांनी माना डोलावल्या. पेशंट खचतो, म्हणून आमच्याकडे सांगत नाहीत. पुढे रोग तिच्या पाठीच्या हाडांत शिरला, तर त्याला सांधेदुखी म्हटलं. मी बोलू नये म्हणून माझ्याकडून शपथ घेतली होती, तीही आईचीच.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात बाबा आणि मी नुसते रिपोर्ट घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एका नव्या औषधाबद्दल सांगितलं. ते अजून प्रयोगात होतं. गाठीच्या पेशींवर एक विशिष्ट खूण असेल, तरच लागू पडायचं. ठाण्याच्या लॅबमध्ये आईच्या गाठीचा तुकडा मेणाच्या वडीत जपलेला होता, त्यावरून ती खूण आहे की नाही ते कळणार होतं. पण तुकडा तपासण्याआधी पेशंटनं स्वतः यायचं, सगळं ऐकायचं आणि हो म्हणायचं. बाबा म्हणाले, माझी सही घ्या. बाई म्हणाल्या, शरीर तुमचं नाही.

ठाण्याला उतरून घरी येताना रिक्षात आमची जुंपली. पिंपावर नाव लिहा म्हणून गेटवर उपाशी बसलात, मी म्हणाले, आणि घरात?

“पिंप आणि माणूस यात फरक असतो,” बाबा म्हणाले. “तू तुझी पत्रकं वाट.”

पण औषधाची आशा त्यांच्याही मनात शिरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच आईला सांगितलं. ती पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून खाटेवर पडली होती. त्यांनी आधी औषधाचं सांगितलं, मग रोगाचं. आईनं पिशवी बाजूला काढून ठेवली. मग तिनं विचारलं,

“अहो, हे औषध निघालं नसतं, तर सांगितलंच नसतं ना?”

बाबा चहा ठेवायला उठले. घरात दूध नव्हतं.

ती हॉस्पिटलात आली, सगळं ऐकून हो म्हणाली. लॅबमधून मेणाची ती वडी मी आणली. एवढीशी होती, मुठीत मावणारी. येताना मला खात्री होती की न्याय असाच असतो, माणसाला खरं सांगितलं की त्याचं काहीतरी भलं होतं.

खूण निघाली नाही. आईच्या गाठीशी त्या औषधाचं काही देणंघेणं नव्हतं. बाईंनी ते आईलाच सांगितलं, आता आमच्या आडून बोलायची सोय उरली नव्हती. आईनं विचारलं, दुसरं काही? बाई म्हणाल्या, दुखणं कमी करता येईल.

कुठल्या पत्रकात याला उत्तर नाही. मालक असता तर घोषणा दिल्या असत्या. इथे एका पेशीवर एक खूण नव्हती, आणि त्या खुणेपायी आम्ही आईची झोप खर्ची घातली होती.

त्या आठवड्यात शेजारच्या काकू मोसंबी घेऊन आल्या. बाबांनी सवयीनं सुरुवात केली, साधी गाठ होती, आता हाडांचा थोडा...

“कॅन्सर आहे,” आई खाटेवरून म्हणाली. “त्यावर औषध निघालंय. ते माझ्यासाठी नाही.”

काकूंनी मोसंबी टेकवली आणि गॅसवर भाजी आहे म्हणत गेल्या. चाळीत भांडं कधी रिकामं परत जायचं नाही. त्यांची वाटी आमच्याकडे होती, आईनं तिच्यात लाडू घालून माझ्या हाती पाठवली. त्यांनी ती दारातच घेतली. पुढे त्यांच्याकडून वाटी आली नाही, मग इतर दारांतूनही येईना. विटाळ होईल अशा भीतीनं लोक आमच्या दारावरून जाऊ लागले.

आई रोज संध्याकाळी विचारायची, कोणी आलं होतं का गं?

मी खरं सांगायचे.