टेलर काकूंची खिडकी

फुलचूरच्या आमच्या वस्तीत टेलर काकूंनी तीस वर्षांत कुणालाही पावती दिली नाही. कापड दोन बोटांत चोळून पाहायचं आणि "गुरुवारी ने" म्हणायचं, एवढाच त्यांचा व्यवहार, आणि गुरुवारी कपडा तयार असायचाच. कॉलेजात असताना मी एकदा आगाऊपणे चिठ्ठी मागितली, तर त्यांनी कापड माझ्याच हातात परत ठेवलं. "जबान देली ना बाबू? मंग कागद कायले?" मी मुकाट्याने कापड पुन्हा पुढे केलं.

दुकान म्हणजे त्यांच्याच घराची पुढची खोली. टिनाचं छत, एक दार, खिडकी नाहीच. नजर कमी व्हायला लागली तशा त्या मशीन दाराशी ओढून बसू लागल्या. भरपूर उजेडात काम करा, नाहीतर शिवण सोडा, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं. शिवण सोडणं काकूंना जमण्यातलं नव्हतं. म्हणून एक भिंत फोडून मोठी खिडकी काढायची आणि टिन बदलायचं, इतकंच ठरलं.

परवानगीचा अर्ज मी भरला. नगररचना कार्यालयात पहिलाच आक्षेप निघाला, की जागा रहिवासी आहे, मग तिथे दुकान कसं? नकाशा आणा, ना-हरकत आणा, करपावती आणा. सगळं आणलं. शेवटी तिथला कारकून मान वर न करता म्हणाला, "हो जाएगा अम्मा, काम शुरू कर दो." काकूंना तेवढं पुरलं. मीही फाईल काखेत घालून त्यांच्यामागे बाहेर पडलो.

भिंत फुटली आणि चौथ्या दिवशी त्याच कार्यालयाची नोटीस दारावर चिकटली. विनापरवानगी बांधकाम, काम ताबडतोब थांबवा. आम्ही धावत गेलो, तर तो कारकून शांतपणे म्हणाला, "मैंने लिखकर दिया था क्या?"

भिंतीच्या भगदाडावरून दारापर्यंत ताडपत्री ओढून काकू पाच महिने बसल्या. आधी होता तेवढाही उजेड राहिला नाही. पलीकडच्या गल्लीत, त्याच रहिवासी पट्ट्यात, याच पाच महिन्यांत लग्नाचा लॉन उभा राहिला. त्याच्या डीजेने आमच्या मांडणीवरची भांडी हलतात. त्याला कुणी काही विचारलं नाही. म्हाताऱ्या बाईच्या एका खिडकीने मात्र या कार्यालयाचा आराखडा बिघडत होता. मला आजही याची चीड येते आणि ती कमी व्हावी असं वाटतही नाही.

एका गुरुवारी काकूंनी शेजारच्या मुलीच्या ब्लाउजची बाही उलटी जोडली. ती उसवली, पुन्हा उलटीच जोडली. मग त्यांनी कापड परत केलं आणि मशीनवर स्वतःच्या हाताने झाकण घातलं. "आता दिसून नाही राहिलं, बाबू. लोकायले गुरुवार कसा सांगू?"

त्यानंतर दोन महिन्यांनी कार्यालयाचं पत्र आलं. मी ते ओट्यावर बसून वाचून दाखवलं. सदर जागेत आता व्यवसाय चालत नसल्याने खिडकीस हरकत नाही, असं त्यात लिहिलं होतं. काकूंनी कागद मागून घेतला, सवयीने दोन बोटांत चोळला.

"दुकान बंद केल्यावर उजेड देऊन राहिले का?"

काकूंकडे चिठ्ठी मागायला माझी जीभ लगेच वळली होती, त्या कारकुनाकडे मागायला वळली नाही. खिडकी नंतर झाली. काकू तिच्याखाली बसतात आणि बोटांनी चाचपत तांदळातले खडे काढतात.