अकराची तिरीप

माझ्या मामानं स्वतःची चूक कबूल केल्याचं आमच्या नात्यागोत्यात कुणी पाहिलेलं नव्हतं. कारखान्यात तीस वर्षं फिटर होता. बिघडलेलं मशीन चालू झालं तर ते त्यानं केलं, नाही झालं तर बनवणाऱ्यानंच मुळात घोळ घातलेला, असा त्याचा सरळ न्याय. निवृत्त झाल्यावर घरामागच्या पत्र्याच्या खोलीत त्यानं सुतारकाम मांडलं. स्टुलं, पाळणे, पुस्तकांची कपाटं. कापायचा, जोडायचा तो. पण लाकूड गुळगुळीत झालं की नाही हे ठरवायची मामी. डोळे मिटून फळीवर तळहात फिरवायची आणि म्हणायची, "इथे खरखरतंय." मामा चरफडायचा आणि पुन्हा घासायला घ्यायचा. जगात या एकाच माणसाचं तो ऐकायचा, तेही कुरकुरत.

पुढे घासून घासून खांदे भरून यायला लागले, तेव्हा सँडर आला. इस्त्रीएवढं, हातात धरायचं मशीन. खालच्या गोल चकतीला पॉलिश पेपर चिकटवायचा, बटण दाबायचं, की तासाभराचं काम पाच मिनिटांत. धूळही तासाभराची, पाच मिनिटांत. करवतीचा भुसा निदान खाली पडतो, झाडता येतो. ही धूळ मैद्यासारखी, पडायचं नावच घेत नाही. ती भांड्यांवर बसली, उशांवर बसली आणि दोन वर्षांत मामीच्या छातीत जाऊन बसली. आधी ती जिना चढताना थांबायची, मग वाक्य बोलताना थांबायला लागली. आडवं झोपता येईना. उशांना टेकून बसल्या बसल्या डुलक्या घ्यायची.

छातीच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "ही धूळ आणि या बाई एका घरात राहू शकत नाहीत."

मामानं त्याच दिवशी खोलीला कुलूप घातलं. मग दोन आठवडे न गळणारे नळ दुरुस्त केले, धडधाकट मिक्सर उघडला आणि मामीच्या स्वयंपाकात लक्ष घातलं. तिनं हात टेकले. तेवढ्यात त्यांच्या मुलीचा, आमच्या ताईचा फोन आला : महिनाअखेर येते आणि आईला माझ्याकडे घेऊन जाते, कायमची. बाबा पुन्हा खोली उघडल्याशिवाय राहणार नाहीत, हे ताईला पक्कं माहीत होतं.

मामीनं फोन ठेवला आणि कुलपाची किल्ली मामासमोर टाकली. "लाकूड कुठे जाणार नाही, मीही कुठे जाणार नाही," ती थांबत थांबत म्हणाली. "धूळ घालवा. महिना आहे तुमच्याकडे."

मी दोन गल्ल्या सोडून राहते. रोज जायला लागले, आणि खरं सांगते, पहिले काही दिवस गंमत बघायलाच जात होते.

सँडरच्या मागे धूळ बाहेर टाकणारं तोंड असतं. तिथे व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप लावला की झालं, असं मला वाटलं. पण पाइप जाड, तोंड बारीक. मामानं सायकलची ट्यूब गुंडाळली. मशीनच्या थरथरीनं ती सुटली. चिकटपट्टी लावली; तीही सुटली.

"जगातल्या कुठल्याही दोन नळ्या एकमेकींत बसत नाहीत का रे मामा?" मी विचारलं.

"बनवणाऱ्यांना अक्कल नाही," मामा म्हणाला आणि लाकडाचीच कडी कोरायला बसला. एका बाजूला सँडरचं तोंड, दुसऱ्या बाजूला पाइप. तीन कड्या फुकट गेल्या. चौथी अशी बसली की मी ओढून पाहिली तरी हलेना.

मग त्यानं रंगाची रिकामी बादली घेतली, झाकणाला दोन भोकं पाडली आणि ती सँडर आणि क्लीनरच्या मधे बसवली. धूळ बादलीत शिरते, गरगर फिरते, जड तेवढी तळाशी बसते आणि उरलेली बारीक धूळ पुढे क्लीनरच्या फिल्टरमध्ये अडकते. पाइप लाकडावर घासू नये म्हणून तो छताला टांगला. पॉलिश पेपरची भोकं चकतीच्या भोकांवर अचूक यायला हवीत, नाहीतर धूळ ओढलीच जात नाही. म्हणून खिळ्यांचा एक साचा केला. पेपर त्यावर ठेवायचा, भोकं आपोआप जुळतात. मला दोन ओळींचा अर्ज नीट लिहायला धीर नसतो. हा सदुसष्ट वर्षांचा माणूस एकेका भोकासाठी अर्धा दिवस घालवत होता. माझी चेष्टा कधी थांबली ते मला कळलंच नाही.

धूळ मोजायचं साधनही त्याच्याकडे होतं. छताच्या पत्र्याला खिळ्याएवढं भोक होतं. अकराच्या सुमाराला त्यातून उन्हाची तिरीप यायची, आणि खोलीत धूळ इतकी की ती पांढऱ्या दांडीसारखी उभी दिसायची. मामा रोज अकराला, दार घट्ट लावून, तिच्याखाली फळी घासायचा आणि तिरीप बघायचा. पहिल्या आठवड्यात दांडी. दुसऱ्यात दोरी. तिसऱ्या आठवड्यात त्यानं मला हात धरून आत नेलं. सँडर चालू करून तो फळी घासायला लागला. जमिनीवर उन्हाचा गोल कवडसा पडला होता, आणि वरपासून खालपर्यंत मधे काहीच नव्हतं. ऊन येत होतं, पण येताना दिसत नव्हतं. मी हात घातला तेव्हा तळव्यावर उजेड पडला.

त्याच संध्याकाळी मामीला दम्याचा एवढा जोराचा झटका आला की डॉक्टरांना घरी बोलवावं लागलं.

मामा दारात उभा राहून एकच म्हणत होता, "हवा स्वच्छ आहे. मी पाहिलीय." पंप तोंडाला लावलेली मामी काही बोलू शकत नव्हती. महिना संपायला अकरा दिवस राहिले होते.

दुसऱ्या दिवशी मी मामीच्या खोलीची खिडकी लावायला गेले. खिडकीत वेलाची कुंडी आहे. पानांवरून सहज बोट फिरवलं, तर बोट पिठात बुडवल्यासारखं निघालं. मी तशीच मामाकडे गेले आणि बोट त्याच्यासमोर धरलं.

त्यानं ती धूळ चिमटीत चोळून पाहिली आणि बाहेरच्या भिंतीकडे वळला. कारखान्यातली तीस वर्षांची सवय : पाळी संपली की मशीन झटकून साफ करायचं, मगच घरी जायचं. रोज संध्याकाळी तो क्लीनरचा फिल्टर काढून बाहेरच्या भिंतीवर आपटायचा. दिवसभर पकडलेली सगळ्यात बारीक धूळ, एकदम. आणि त्या कोपऱ्यावरून वळलं की मामीची खिडकी.

"मीच केलं," मामा म्हणाला. "माझी चूक."

मला रडू आलं. एवढं मोठं यंत्र उभं करताना मला तो मोठा वाटला होताच, पण त्या दोन शब्दांपुढे ते यंत्र काहीच नव्हतं.

तो थेट मामीसमोर जाऊन बसला आणि तिलाही तेच सांगितलं. मग फिल्टर झटकणं कायमचं बंद झालं. क्लीनरमध्ये कागदी पिशवी आली. भरली की तोंड बांधून तशीच बाहेर. बादली रिकामी करण्याआधी भुशावर पाणी शिंपडायचं. मास्क तोंडावर, कामाचे कपडे खोलीतच. दहा दिवसांत मामी दोन उशांवरून एकीवर आली. शेवटचे तीन दिवस ती आडवी झोपली.

ठरल्या दिवशी ताई आली, हातात आईसाठी मोठी रिकामी बॅग. मामानं विनवण्या केल्या नाहीत. घड्याळ पाहून तिला खोलीत नेलं आणि टेबलाची फळी घासायला घेतली. ताई कवडशाकडे बघत होती, मग वर भोकाकडे, मग पुन्हा खाली.

"बाबा, मशीन चालूच आहे ना?" तिनं विचारलं.

तेवढ्यात दारात मामी आली. मास्क लावलेली, न थांबता अंगण ओलांडून. कितीतरी महिन्यांनी तिनं त्या खोलीत पाऊल टाकलं. मामानं सँडर बंद केला. ती फळीपाशी गेली, डोळे मिटले आणि तळहात फिरवला. आम्ही तिघंही तिचा श्वास ऐकत होतो. तो सरळ चालला होता.

"इथे खरखरतंय," मामी म्हणाली.

मामाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "आणखी कुठे?" त्यानं विचारलं.

तिनं आणखी तीन जागा दाखवल्या.