चंदाताईंच्या हेडफोनमध्ये आवाजच नव्हता

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. आमच्या घरात पोथ्या नव्हत्या, वडिलांच्या युनियनची पत्रकं होती. त्यांवरच मी अक्षरं गिरवली. हसायचं तर हसा... पण खोटारडी म्हणू नका.

थेरगावात डांगे चौकाजवळ आमचं छोटं संशोधन केंद्र आहे. ज्यांचं लक्ष टिकत नाही, त्यांना हेडफोनमधून ठरावीक आवाज ऐकवून मेंदूच्या लहरी स्थिर होतात का, हे आम्ही तपासतो. कुरुळीच्या चंदाताई चाकणच्या एका कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर होत्या. 'कामात लक्ष नसतं' म्हणून त्यांना घरी बसवलेलं. आमचा रिपोर्ट चांगला आला तरच परत घेणार!

अकरावं सेशन, भर दुपार. तारांची टोपी घालताना त्या म्हणाल्या, "मॅडम, सासूनं असं बघितलं तर लिंबूच उतरवंल!"

दहा सेशनमध्ये स्थिर न झालेल्या लहरी त्या दिवशी एकदम स्थिर झाल्या. मी खुशीत आवाजाची पातळी बघायला गेले — तर फाइल सुरू करायलाच विसरले होते. हेडफोनमध्ये काहीच नव्हतं.

तेवढ्यात त्या ताडकन उठल्या. "रेखाला फोन लावा! हात आत हाय तिचा!"

रेखा म्हणजे प्रेसवर त्यांच्या जागी बसवलेली बाई. त्यांनी सांगितलेला नंबर मी लावला. खिशात फोन वाजला म्हणून हात काढून ती मागं सरली, फोन उचलला... आणि प्रेस आपोआप खाली आली. तो दणका मी फोनवर ऐकला. मग तिचं रडणं, "चंदे, वाचले गं!"

ही प्रेस दोन बटणं दोन्ही हातांनी दाबली तरच चालते. माल लवकर निघावा म्हणून सुपरवायझरनं एक बटण टेप लावून दाबून ठेवलेलं, दुसरं अडकलं. चंदाताई ती टेप रोज काढायच्या, त्यामुळे माल कमी निघायचा. म्हणून त्यांचं 'लक्ष नव्हतं'!

आमच्या केंद्राचे सर म्हणाले, "आवाज नव्हता ना? सेशन बाद कर. उगाच हसं होईल."

"नाही करणार, सर."

आवाज बंद, लहरी स्थिर, असंच लिहिलं. टेपचंही लिहिलं. रिपोर्ट घेऊन चंदाताईंबरोबर कंपनीच्या गेटवर गेले. सुपरवायझरनं विचारलं, "काय, बाई बरी झाली का?"

"त्या आजारी नव्हत्याच," मी म्हटलं.

आता त्या पहिल्या शिफ्टला जातात.

थेरगावात बसून त्यांना रेखाचा हात कसा दिसला, ते मला आजही सांगता येत नाही. बाकी सगळं मी त्या गेटवर मोठ्यानं सांगितलं.