चपलांबरोबर कायदाही दाराबाहेर

"सर, मी 'नाही' लिहिलं, कारण तुम्हीच सांगितलं होतं की उत्तर 'नाही'च येतं," तेजश्री गजभिये म्हणाली आणि सराव परीक्षेचा निकाल तिने माझ्या जेवणाच्या टेबलावर ठेवला. इंग्रजी उत्तम. सामान्य ज्ञान उत्तम. गणित बरे. कायद्याचा विभाग रसातळाला. टेबलाभोवतीच्या इतर चौघांचीही तीच अवस्था होती. बाकीचे विषय ही मुले आपापली करीत. कायदा तेवढा मी शिकवत होतो.

केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात मी विधी अधिकारी होतो. कायद्यांचे आणि नियमांचे मसुदे माझ्याकडे येत. मसुद्यात जे लिहिलेले नाही ते शोधून काढणे, हे माझे आयुष्यभराचे काम. निवृत्तीनंतर दिल्लीच्या द्वारका भागातील एका सोसायटीत तळमजल्यावर राहू लागलो आणि लॉ कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या मुलांची छोटी शिकवणी सुरू केली. पाचच मुले, कारण टेबलाला सहा खुर्च्या.

या परीक्षेचे स्वरूप अनभिज्ञ वाचकांना सांगणे आवश्यक आहे, कारण ते सांगितल्याशिवाय माझा संताप समजणार नाही. कायद्याच्या विभागात कायदा विचारतच नाहीत. एक नियम छापतात. त्याखाली एक प्रसंग छापतात. छापलेला नियम कितीही खुळा असला तरी तो खरा धरायचा, आणि त्यावरूनच उत्तर निवडायचे. आपल्याला खरा कायदा माहीत असेल तर तो विसरायचा. न विसरल्यास उत्तर चुकते आणि मिळवलेल्या गुणांतूनही कपात होते. या कपातीला निगेटिव्ह मार्किंग म्हणतात. माझ्या मते ही दंडात्मक तरतूद आहे आणि तिच्याविरुद्ध अपिलाची सोय नाही.

आता तो प्रश्न. नियम: दुसऱ्याच्या कुंपणाला स्पर्श करणारा प्रत्येक जण अतिक्रमण करतो, त्याचा हेतू पाहू नये. प्रसंग: रमेशला भोवळ आली, पडू नये म्हणून त्याने शेजाऱ्याचे कुंपण धरले. रमेशने अतिक्रमण केले काय?

परीक्षकांचे उत्तर, होय. माझ्या पाचही विद्यार्थ्यांचे उत्तर, नाही. मी त्याच रात्री सराव परीक्षा घेणाऱ्या कंपनीला सविस्तर पत्र लिहिले. सदर नियम न्यायबुद्धीस धरून नाही. भोवळ आलेल्या मनुष्याने कोसळण्यापूर्वी मालकी हक्काची चौकशी करावी अशी अपेक्षा कोणतेही सुसंस्कृत राज्य करीत नाही. सबब प्रश्न रद्द करून सर्वांस पूर्ण गुण द्यावेत. उत्तर तत्परतेने आले. "प्रिय विद्यार्थी, आपल्या शंकेबद्दल धन्यवाद. सराव करत राहा!"

शेवटचे उद्गारचिन्ह मला विशेष लागले.

दोनच दिवसांनी, शिकवणी चालू असतानाच, तेजश्रीचे वडील आले. गजभिये केंद्रीय सचिवालयात सेक्शन ऑफिसर होते. लक्ष्मीबाई नगरात त्यांचे सरकारी क्वार्टर, आणि हातात गुवाहाटीच्या बदलीची ऑर्डर.

"सर, तुमच्या ज्ञानाबद्दल वादच नाही," ते म्हणाले. "वाद मार्कांबद्दल आहे."

"प्रश्नच सदोष आहे, गजभिये."

"असेल सर. पण सीट तोच प्रश्न देणार आहे. हिला कुठे ॲडमिशन मिळाली तर ती होस्टेलवर राहील. नाही मिळाली तर आमच्याबरोबर गुवाहाटीला येईल आणि बी.कॉम. करेल. करोल बागेच्या मोठ्या क्लासमध्येही विचारून आलो. बॅच भरली आहे. म्हणजे जे काय व्हायचं ते तुमच्याच टेबलावर."

"सर, मला बी.कॉम. बिल्कुल नाही करायचं यार," तेजश्री कळवळून म्हणाली. मग जीभ चावून, "सॉरी. 'यार' कॅन्सल."

मी गंभीर झालो. मुलगी खरोखर हुशार होती. तिच्या डोक्यात मी जे भरले होते ते बरोबर होते, आणि नेमके तेच तिला बुडवीत होते.

तोडगा आमच्या सौभाग्यवतींनी काढला. त्या चहा घेऊन आल्या होत्या आणि कुंपणाच्या प्रश्नावरचे माझे विवेचन त्यांना नाइलाजाने ऐकावे लागले होते.

"अहो, ही मुलं घरात येताना चपला कुठे काढतात?"

"दाराबाहेर. त्याचा इथे काय संबंध?"

"मग तुमचा कायदाही तिथेच काढून ठेवायला सांगा. जाताना घालून जातील. चोरीला जाण्यासारखा नाहीये तो."

टेबलाभोवती हशा पिकला. मी हसलो नाही. परंतु दुसऱ्या दिवसापासून पद्धत लागू केली. उतारा वाचण्यापूर्वी मी विचारायचे, "चपला?" पाचही जणांनी म्हणायचे, "काढल्या." मग फक्त छापलेला नियम, फक्त छापलेला प्रसंग, आणि उत्तर.

मुलांना आठवड्याभरात जमले. मला जमले नाही. 'भाडेकरूने खिडकी उघडल्यास करार आपोआप संपुष्टात येतो' असा नियम समोर आला की माझा रक्तदाब चढे. "हे कोणी लिहिले? सूचना कुठे? सुनावणी कुठे?" अशी मी सुरुवात केली की तेजश्री वहीतून डोके वर न काढता म्हणे, "सर, चपला." मी गप्प बसे. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीवर.

मुख्य परीक्षा तोंडावर आली असताना सोसायटीची नोटीस आली. सेक्रेटरी भाटिया यांनी ती स्वतः माझ्या दाराला चिकटवली होती, आणि तीही टेपने, ज्यामुळे रंग निघाला. मजकूर असा: सदस्य आपल्या फ्लॅटमध्ये कोचिंग चालवितात. सोसायटीच्या उपविधीनुसार, सदस्याच्या व्यवसायासाठी येणारे बाहेरचे लोक लिफ्ट, पार्किंग किंवा कम्युनिटी हॉल वापरत असतील, तर तो व्यवसाय समितीस बंद करता येईल. उपविधी म्हणजे सोसायटीने स्वतःपुरते केलेले नियम. रविवारी संबंधित व्यक्तींसह सुनावणीस हजर राहावे.

मी पेटून उठलो. लेखी उत्तर तयार केले. त्यात उपजीविकेचे स्वातंत्र्य होते, नैसर्गिक न्याय होता, उपविधीच्या वैधतेस आव्हान होते आणि दाराच्या रंगाची नुकसानभरपाईही होती. परिशिष्टे निराळी.

"एवढं ऐकून होईपर्यंत मुलांची परीक्षा होऊन जाईल," सौभाग्यवती म्हणाल्या.

"न्यायाला वेळ लागतो."

"त्या पोरीला वेळ नाहीये."

नोटिशीत 'संबंधित व्यक्तींसह' असे स्पष्ट लिहिलेले असल्यामुळे रविवारी मी पाचही विद्यार्थ्यांना घेऊन कम्युनिटी हॉलमध्ये गेलो. अध्यक्षा मिसेस माथुर या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. शेजारी भाटिया, विजयी मुद्रेने.

"वकील साहब, बस पाँच मिनट में निपटा देते हैं," भाटिया म्हणाले. मी वकील नाही, विधी अधिकारी होतो, हे मी त्यांना यापूर्वी तीन पत्रांतून कळवले आहे.

मी उभा राहिलो. चष्मा लावला. "अध्यक्ष महोदया, सर्वप्रथम मैं संविधान के..."

शेजारून हलकेच आवाज आला. "सर, चपला."

मी तिच्याकडे जळजळीत नजरेने पाहिले. ती माझ्याकडे पाहतच नव्हती. तिने नोटीस समोर धरली होती आणि उतारा वाचताना असते तशी तिची पेन्सिल एकेका शब्दाखालून सरकत होती.

"मॅम, मैं बोलूँ?" तिने मिसेस माथुरांना विचारले. "ये जो रूल लिखा है, इसको हम सही मान लेते हैं। सर को नहीं पसंद, पर मान लेते हैं।"

"ठीक," मिसेस माथुर म्हणाल्या.

"बाहर के लोग, मतलब हम। हम लिफ्ट यूज़ करते हैं? सर का फ्लैट ग्राउंड फ्लोर पर है। पार्किंग? हम मेट्रो से आते हैं, और इस अयान को इसके पापा गेट के बाहर छोड़ते हैं। कम्युनिटी हॉल? क्लास डाइनिंग टेबल पर होती है। तो इस रूल से क्लास बंद हो सकती है? ऑप्शन ए, हाँ। ऑप्शन बी, नहीं।"

भाटियांनी ओठ हलवून लिफ्ट, पार्किंग, हॉल असे पुन्हा जुळवून पाहिले. अचानक त्यांचा चेहरा उजळला.

"हॉल!" ते गरजले. "हॉल तो अभी यूज़ कर रहे हैं! सब के सब बैठे हैं यहाँ!"

"अंकल, हम पढ़ने थोड़ी आए हैं," तेजश्री म्हणाली. "आपने नोटिस देकर बुलाया है। धंधे के लिए तो नहीं बुलाया न?"

मिसेस माथुर पोट धरून हसल्या. मग शाळेतल्या वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यांनी नोटिशीवर लाल पेनने बरोबरची मोठी खूण केली. "भाटिया जी, ऑप्शन बी। बच्ची को पूरे नंबर।"

मी हात वर केला. "मेरा लिखित निवेदन अभी..."

"आप जीत गए, वकील साहब," त्या म्हणाल्या. "अब बैठ जाइए, नहीं तो हार जाएँगे।"

मी बसलो. स्पष्टच सांगतो, मला तो निकाल आजही मान्य नाही. उपविधी मुळात अवैध होता. तळमजल्याच्या आधाराने मिळालेला न्याय हा न्याय नव्हे, ती वास्तुरचना आहे. उद्या मी तिसऱ्या मजल्यावर राहायला गेलो तर माझे स्वातंत्र्य जाणार काय? हा प्रश्न मी समितीला लेखी विचारला आहे. दाराच्या रंगाबाबतही उत्तर नाही.

शिकवणी मात्र चालू राहिली. परीक्षा झाली. तेजश्रीच्या पसंतीक्रमात वर असलेले कॉलेज हुकले, पण लॉ कॉलेजची सीट मिळाली. गजभिये पेढे घेऊन आले तेव्हा सामान बांधून झाले होते. "गुवाहाटीला दोघंच चाललो आम्ही," ते म्हणाले, आणि खिशातला रुमाल काढून बराच वेळ चष्मा पुसत बसले. सौभाग्यवतींनी त्यांना दुसरा चहा दिला. मला साखरेच्या कारणावरून अर्धाच पेढा मिळाला.

पहिल्या सत्रात तिचा फोन आला.

"सर, इथे सगळं उलटं आहे. प्रोफेसर म्हणतात, दिलेला रूल तसाच मानायचा नाही. कोणी केला, का केला, त्यात काय राहिलं, ते विचारायचं. चपला घालूनच वर्गात बसायचं आहे आता. आणि मला सवय राहिली नाहीये."

"तुझ्या वह्या आहेत ना? त्या पहिल्या सराव परीक्षेच्या आधीच्या?"

"आहेत."

"त्या काढ. त्यांत सगळे बरोबर आहे."

ती खूप वेळ हसत राहिली. मग मी तिला विचारले की मूळ नियमच अन्यायकारक असेल तर रमेशने कुंपण धरले तेव्हा काय झाले. तिने 'नाही' म्हणून त्याची जी कारणे सांगायला सुरुवात केली ती ऐकून मी सौभाग्यवतींना बोलावून फोन त्यांच्या कानाला लावला.

या व्यवसायात नव्याने येणाऱ्यांसाठी माझा अनुभव एवढाच. परीक्षेत जेवढे छापले आहे तेवढेच वाचावे आणि तेवढ्याचेच उत्तर द्यावे. राहिलेले सर्व काही स्वच्छ अक्षरात पत्राने कळवावे, आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवावी.