मिनीसाठी वकील

१९८५, जुलैतला एक सोमवार. स्थळ: जयपूरहून बसने तीन तासांवरच्या एका जिल्ह्याच्या गावची कोर्टकचेरी. हजर: गार्डकाका, त्यांची मुलगी शोभा आणि शेजारीण म्हणून मी. सोबत दशम्या, फिरकीचा तांब्या, कागदांची पिशवी आणि मी करून आणलेली वकिलांची यादी, नावं सात.

बसमधून काका सगळ्यांच्या शेवटी उतरले. त्याआधी त्यांनी वाकून प्रत्येक बाकाखाली पाहिलं. जयपूरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये या सवयीची आम्ही थट्टा करायचो. सहलीला, लग्नाला, अगदी भाजीबाजारातसुद्धा ते मागून चालत. "काका, आता तुम्ही ड्यूटीवर नाही," असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं असे. "ड्रायव्हर पुढचं बघतो. मागं काय राहिलं ते गार्डनंच बघायचं."

त्या वेळी जे मागे राहिलं होतं ते चार वर्षांचं होतं. त्यांची नात मिनी. काकांचा जावई त्या गावच्या सिमेंट कारखान्यात नोकरीला होता. मार्चमध्ये त्याने शोभाला घराबाहेर काढलं आणि मुलीला ठेवून घेतलं. जयपूरच्या सिव्हिल लाइन्सजवळच्या एका वकिलांनी आम्हाला दोन वाक्यांत मोकळं केलं होतं. "बच्ची जहाँ रहती है, मुकदमा वहीं लगेगा. वकील भी वहीं का देखिए."

म्हणून आम्ही तिथे होतो. यादीतल्या पहिल्या वकिलांनी शोभाकडे न बघता काकांना सांगितलं, "अजी, लड़की है, समझा-बुझा के वापस भेजो." दुसऱ्यांनी चहा पाजला, सगळी हकीकत ऐकून घेतली आणि मग ते कारखान्याचेच वकील असल्याचं सांगितलं. तिसरे प्रामाणिक निघाले. "यहाँ खेत के वकील मिलेंगे, घर के नहीं." चौथे बाहेरगावी होते. मी एकेक नाव खोडत होते. पाचव्यांच्या दारातून निघताना काका म्हणाले, "सुमन, ती यादी ठेव पिशवीत. आपण चुकीच्या माणसांना विचारतोय."

कचेरीच्या आवारात लिंबाखाली एक टायपिस्ट बसला होता. काका त्याच्यासमोर बसले आणि एक अर्ज टाइप करून घेऊ लागले. अर्ज कसला, तर आपल्या क्वार्टरचा नळ गळतो म्हणून. मला वाटलं, उन्हाने काही झालं की काय. अर्ज अर्ध्यावर आला तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "भैया, इनमें से कौन वकील अपने कागज खुद पढ़ता है?"

टायपिस्ट हसला. "एक ही है. भंवरलालजी. तीन बार वापस भेजते हैं, मतलब एक मात्रा भी छूटे तो. पढ़ते हैं, इसीलिए तो चलती नहीं उनकी."

धान्याच्या दुकानावरच्या खोलीत भंवरलालजी सापडले. एका कानाने कमी ऐकू येणारे, साठीचे गृहस्थ. त्यांनी पिशवीतला कागद न् कागद वाचला. तासभर आम्ही तिघं सतरंजीवर बसून होतो. मग चष्मा काढून त्यांनी आमच्यापैकी फक्त शोभाला विचारलं, "बेटी, तुम क्या चाहती हो?" चार महिन्यांत तिला हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता, आम्हीसुद्धा. ती म्हणाली, "मिनी." त्यांनी तेवढंच लिहून घेतलं. परतताना काका मला म्हणाले, "वकील शोधायचा तर टायपिस्टपासून सुरुवात करायची. लिहून ठेव." मी लिहून ठेवलं.

खटल्याच्या दुसऱ्या तारखेला जावयाचे वकील आवारात काकांपाशी आले. त्यांच्या हातात सासरी शोभाच्या पेटीत राहिलेला जुना रेल्वे पास होता. रेल्वेत दरवर्षी घरातल्या माणसांची नावं सहीनिशी लिहून द्यावी लागतात, त्यावरून फुकट प्रवासाचा पास निघतो. लग्न झालेल्या मुलीचं नाव त्यात चालत नाही. शोभाचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती आणि काका अजून तिला अविवाहित लिहीत होते.

"गार्डसाहब, इसमें तो बिटिया कुँवारी है," ते वकील गोड आवाजात म्हणाले. "बच्ची की जिद छोड़ दीजिए. वरना यह कागज जयपुर पहुँच जाएगा."

काकांना निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. भंवरलालजींनी पास उलटसुलट वाचला. "दस्तखत आपके हैं?" काका म्हणाले, "मेरे हैं." "तो अब आप बताइए, मैं उनसे क्या कहूँ." परतताना जयपुरात सोडाल्याला बसमधून उतरताना शोभा म्हणाली, "बाबा, नोकरी गेली तर मिनीला आणून खायला काय घालणार आपण?"

मी जयपूरला रेल्वेच्या पास विभागात नोकरीला होते. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता माझ्या खिडकीपुढच्या रांगेत काका उभे होते. युनिफॉर्म इस्त्रीचा, हातात अर्ज. शोभाचं नाव सहा वर्षं खोटं लिहिलं, चूक माझी, योग्य ती कारवाई व्हावी. एवढाच मजकूर.

"काका, घरी दिला असता तरी चाललं असतं," मी हळूच म्हटलं.

"घरी तू शेजारीण. इथं ऑफिस आहे. शिक्का मार."

मी शिक्का मारला. घरातल्या नावांची ती घोषणापत्रं दरवर्षी माझ्याच टेबलावरून जात. शोभाच्या लग्नाला भुसावळला जाऊन मी जेवून आले होते, आणि तरी ते नाव मला कधी दिसलं नव्हतं. मला कुणी काही विचारलं नाही. काकांनी माझं नाव कुठेच येऊ दिलं नाही.

त्यांची नोकरी राहिली, पण पास बंद झाले आणि पॅसेंजर गाडीवरून त्यांना पुन्हा मालगाडीवर घातलं. क्वार्टर्समध्ये कुजबुज झाली. ते म्हणत, "मालगाडी बरी. तिथं कुणी निरोप द्यायला येत नाही."

साक्षीला ते उभे राहिले तेव्हा समोरच्या वकिलांनी विचारलंच, "तो आपने झूठ लिखा?"

"लिखा. बेटी का नाम काटा नहीं गया मुझसे. रेलवे को बता दिया है."

वकिलांनी तो पास परत फायलीत ठेवला. भंवरलालजींनी चष्मा पुसला.

त्याच दिवशी न्यायाधीशांनी मिनीला बोलावलं होतं. दीड वर्षाने ती आम्हाला दिसली. उंच झाली होती, केस कापलेले. शोभाने हात पुढे केले, तर ती शिपायाच्या मागे गेली. काका गुडघे टेकून बसले आणि म्हणाले, "मिनी, ओळखलंस का गं मला?" तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "मतलब?" शोभा गेल्यावर त्या घरात मराठी बोलणारं कुणी नव्हतं, ती विसरली होती. काकांनी तोच प्रश्न हिंदीत विचारला. तिने नकारार्थी मान हलवली. ते उठेनात, म्हणून मी हात दिला.

१९८७च्या उन्हाळ्यात निकाल लागला: मुलगी आईकडे द्यावी, महिन्याच्या आत. शोभाने फ्रॉक शिवून घेतले. मुदतीच्या दिवशी आम्ही गेलो तर घराला कुलूप होतं. जावयाने मध्य प्रदेशातल्या कुठल्याशा सिमेंट कारखान्यात नोकरी धरली होती. जिल्हा शोधायलाच चार महिने गेले. भंवरलालजी म्हणाले, हुकूम तिथल्या कोर्टात नेऊन बजावून घ्यावा लागेल आणि त्यासाठी तिथलाच वकील हवा. त्यांनी कागद तयार करून दिले, एकही चूक नसलेले.

काकांनी त्या भागातल्या स्टेशनमास्तरांना पत्रं लिहिली. प्रत्येकात एकच प्रश्न होता: आपल्या गावच्या कोर्टकचेरीबाहेर टायपिंगला कोण बसतो? चौथं पत्र टाकून आल्यावर ते ओट्यावर टेकले आणि पुन्हा उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. डिसेंबर होता.

त्याला आता दीड वर्ष झालं. चारांपैकी दोन पत्रांची उत्तरं आली, दोघांनाही माहिती नाही. मी पुढची सहा पाठवली आहेत. सुट्टीचा अर्ज मंजूर आहे, शोभा आणि मी पुढच्या सोमवारी तिकडे, मध्य प्रदेशात, निघतो आहोत. मिनी आता आठ वर्षांची असेल. हुकमाची नक्कल, जन्माचा दाखला, दोन फोटो, सगळं क्रमाने लावून ठेवलं आहे. वकीलपत्रावर शोभाने सही केली आहे. वकिलाचं नाव भरायचं राहिलं आहे.