सुजितनं इचारलं होतं

सुजित माझा धाकटा भाऊ. त्याला जाऊन आज अकरा दिवस झाले. मला अजून खरं वाटत न्हाई.

त्यो कंपन्यांच्या फ्लोअरचं डिझाईन करायचा. भोसरीत हापिस होतं. म्हंजी शेडमधी खाली काँक्रीट किती जाड, आत लोखंडाची जाळी कशी, ते सगळं. मी म्हणायची, "फरशीच तर हाय, त्यात कसलं येवढं शिक्षण?" त्यो हसायचा. "आक्के, माल ठेवायच्या रॅकचा एक पाय तुझ्या हाताएवढा, आन् त्याच्यावर सात टन. खालची माती बसली का संपलं."

मशीननं भोकं पाडून माती तपासून आली तरी त्यो गावात जायाचाच. म्हाताऱ्यांना इचारायचा, हितं आधी काय होतं? हापिसातले चिडवायचे, "सुजित सर निघाले जमिनीची कुंडली काढायला."

निघोज्यात माझ्या सासरचं शेत कंपनीत गेलं, तिथं शेड होणार होतं. काम नेमकं त्याच्याकडं आलं. आमच्या घरी आला, ओट्यावर मामांपाशी बसला. मामा म्हंजी माझे सासरे. म्हणाला, "मामा, तुमच्या शेतात नाला, खड्डा, विहीर, काय होतं का?"

"काय न्हाई. नुस्ती ज्वारी."

मी आत चहा गाळत होते. हातच थांबला माझा. विहीर होती. लग्न होऊन आले तवा मीच पाणी भरायची तिचं. पुढं आटली, एक वासरू पडून मेलं, तवा मामांनी पाचट, काट्या, दगड टाकून बुजवली. वर मुरूम. विहीर बुजवली का पाप लागतं, म्हणून तिचं नावसुदिक काढू द्यायचे न्हाईत. मामांसमोर मी काय बोलणार? म्हणलं मशीननं तपासलंय, सुजितला कळलंच असंल. भोकं पाच मारलेली. विहिरीवर एक पण न्हाई.

चहा दिला. "साखर लई झाली गं," म्हणाला, आन् पिऊन गेला.

शेड झालं, माल भरला, फ्लोअर एका जागी खचला. सुजित बघायला गेला. वाकून माप घेत होता आन् रॅक त्याच्या अंगावर आलं.

काल दहावा झाल्यावर हापिसातला किसन सुजितच्या घरी आला. हळूच म्हणाला, "सरांच्या डिझाईनमधीच चूक होती म्हणतायत वरचे." माझी भावजय भाग्यश्री, तिनं ऐकलं. रडायची थांबली एकदम.

मी तिला आत न्हेलं, सगळं सांगितलं.

"ताई, ह्यांनी इचारलं तवा तुमी घरातच होता?"

"व्हय."

तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं हाताला धरून मला बाहेर आणलं. "किसनभाऊ, ह्यांचं ऐका. ताई, बोला. सगळ्यांदेखत बोला."

दहाव्याला आलेले मामा भिंतीला टेकून बसलेले. मी बोलले. त्यांनी मान वर केली न्हाई.

उद्या सकाळी हापिसवाले भोकं पाडायचं मशीन आणणारेत, विहिरीची जागा मी दाखवणार हाय. मामा कालपासून माझ्या हातचं जेवत न्हाईत.