पटासाठी थांबलेला कांदा

आमच्या शाळेचे किस्से सांगायला बसलो, की घंटा द्यायची राहून जाते! मी दुसरी शिकलेला म्हातारा. चांदवडजवळच्या आमच्या वस्तीशाळेचं कुलूप उघडतो, घंटा देतो. पगार नाही, पण पोरं ‘आबा’ म्हणतात.

अनुदानाचा नवा नियम आला. जेवढी पोरं, तेवढा पैसा. पट फारच घसरला, तर शाळा बंद! मग एवढ्याएवढ्या पोरांनी हायवे ओलांडून जायचं. गाव हादरलं.

*

योजनेतून मोठा टीव्ही आला. पण लाईटबिलाला पैसे नव्हते, वीज कापलेली! तपासणीला आलेल्या एका मॅडमनी विचारलं, “टीव्हीचा उपयोग होतो का?”

पहिलीतली पोरगी म्हणाली, “हो! त्याच्यात बघून भांग सरळ पडतो!”

*

आमचे तात्या शाळा समितीचे अध्यक्ष. “आपली पोरं आपल्याच शाळेत!” असं आपल्याच अंगणातल्या सभेत गरजत होते. तेवढ्यात दारात इंग्लिश मीडियमची पिवळी व्हॅन वाजली. त्यांच्याच नातवाला न्यायला!

दुसऱ्या दिवशी नातू आमच्या वर्गात. सूनबाई आठवडाभर तात्यांशी बोलल्या नाहीत.

*

तात्यांचा कांदा काढायला सुरगाण्याकडची मजुरांची टोळी येते. मुकादम म्हणाला, “तात्या, माणसं किती आणू?”

“माणसांचं ऱ्हाऊ दे. पोरं किती हायेत?”

*

टोळीची पोरं आमच्या पटावर आली. त्यांतली जनी वर्गात येईना, दाराबाहेरच बसायची. मी तिच्या हातात घंटेची हातोडी दिली. तिनं असा टोला हाणला, की बाईंचा चहा सांडला! बाई म्हणाल्या, “आता आत ये बाई, नाहीतर कपबशीही जाईल!” आली.

*

पट मोजायला साहेब येणार, येणार, आणि येईनात! कांदा निघाला की टोळी जाणार, पोरंही जाणार. तात्यांनी शेवटचा वाफा तसाच ठेवला. पात पार वाळली. तात्यांची बायको, आमच्या काकू, ओरडल्या, “कांदा सडवता का?”

“सडू दे! शाळा नाय सडली पायजे.”

आणि साहेब आले! वर्ग गच्च भरलेला. जनीनं घंटा दिली, पोरांनी कविता म्हटली. साहेब हसून म्हणाले, “चालू राहील शाळा.” माझे डोळे भरून आले. पोरं नाचायला लागली!

गाडीत बसताना साहेबांनी वाळलेला वाफा पाहिला, मग मजुरांकडे पाहिलं. “तात्या, पुढच्या वर्षीही एवढी मुलं असतील ना?”

तात्या हात जोडून म्हणाले, “साहेब, तुमची तारीख तेवढी आधी कळवा. त्या हिशोबानं कांदा लावतो!”